पोटात कर्णा

ग्रामोफोन म्हटलं की लोकांना पितळी कर्णा आठवतो. मला आठवते काळी पेटी: झाकण लावून हातात धरून कुठेही नेता येणारी. १९३१ साली बाजारात आलेली एचएमव्ही १०२ ही त्यातली माझी लाडकी. कर्णा तिलाही आहे, पण तो थाळीच्या खाली, पेटीच्या पोटात वळवून बसवलेला. आवाज मागून वर येतो आणि उघड्या झाकणावर आदळून खोलीत पसरतो. झाकणसुद्धा इथे वाद्याचाच भाग.

जुनी पेटी पाहायला गेलो की मी आधी रेकॉर्ड लावत नाही. चावी देतो, ब्रेक सोडतो आणि रिकामी थाळी फिरू देतो. आतून 'ठक्' असा धक्का आला, तर स्प्रिंगवरचं ग्रीस वाळलंय. वेग डगमगला, तर गव्हर्नर पाहायचा. त्याची पट्ट्यांवर बसवलेली तीन वजनं फिरता फिरता बाहेर फाकतात आणि थाळीला मिनिटाला ७८ फेऱ्यांवर धरून ठेवतात. आवाज फरफरला, तर बहुधा सुई धरणाऱ्या साउंडबॉक्समधलं रबर कडक झालेलं असतं. मऊ रबर घातलं की गळा मोकळा होतो.

सुई दर बाजूला नवी. पाहुण्यांना ही उधळपट्टी वाटते. पण लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या मापाची करते. बाजू संपेपर्यंत टोकाला कडा आलेली असते आणि तीच सुई पुन्हा लावली तर ती खाच खरवडते. विनाईलच्या एलपीवर ही सुई टेकवणं म्हणजे शेतात नांगर घालणं. आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. आवाज कमी हवा तर बारीक सुई लावा, नाहीतर जाड.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपते. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद इथे तेवढ्यातच मावलं. मग उठा, तबकडी उलटा, सुई बदला, चावी द्या. हे यंत्र गाणं मागे लावून ठेवू देत नाही. समोर बसूनच ऐकावं लागतं. म्हणूनच मी त्याच्या नादी लागलो.

जुन्या बाजारांत हल्ली चकचकीत पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोन ढिगाने मिळतात. लाकूड नवं, कर्णा नवा आणि मोटर मात्र बऱ्याचदा एखादी अशी काळी पेटी फोडून काढलेली. एक शोभेची वस्तू उभी करायला एक चालतं वाद्य खर्ची पडतं. तेव्हा आवरण फाटलेली, कड्या गंजलेली काळी पेटी कोपऱ्यात पडलेली दिसली, तर घासाघीस जरूर करा, पण घ्या. तुम्ही नाही घेतलीत, तर कर्णेवाला घेईल.