मान झुकत नाही म्हणून

पावती भरली, विषय संपला, असं घरात सगळे म्हणतात. माझा संपलेला नाही. वाहनात बेकायदा फेरफार केल्याचा ठपका माझ्या नावावर बसलाय. आणि फेरफार कसला, तर बुलेटचा मीटर मला दिसत नव्हता, तो दिसेल तिथं आणून बसवला.

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. सायखेड्यात शेती करणाऱ्याच्या मानेला काय झालं असेल हे सांगत बसत नाही. कांद्याच्या गोण्या, द्राक्षाचे क्रेट, पाठीवरचा पंप, सगळं आलं त्यात. मणके प्लेट टाकून जोडलेत. काही महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. मान डावी-उजवी बऱ्यापैकी वळते, खाली मात्र झुकत नाही.

जुन्या बुलेटचा मीटर हँडलच्या खाली, हेडलाइटच्या आवरणातच बसवलेला असतो, जवळजवळ आभाळाकडे तोंड करून. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. मी नुसते डोळे खाली नेले की हेल्मेटची खालची कड आड येते. मिस्त्री म्हणाला, "आबा, बुलेटला मीटर कशाला बघायचा? आवाजावरून कळतं की." हे वाक्य मी तरुणपणी स्वतः कितीदा तरी म्हटलं असेल. आता पटत नाही. कांद्याच्या हंगामात चांदोरीकडे जाताना पुलाच्या अलीकडे-पलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, निम्म्यांना मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही. ऐनवेळी जोरात ब्रेक दाबला की झटका थेट मानेत जातो. चाळीसच्या पुढं जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. चाळीस की पंचावन्न, हे कानांनी सांगता येत नाही, विशेषतः वारं असलं की.

द्राक्षाच्या ब्लोअरची कामं करणारा एक फॅब्रिकेटर आमच्याकडे आहे, त्याला गाठलं. हँडलच्या पाइपवर बसेल असा क्लॅम्प, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, पट्टीवर मीटरची वाटी, तोंड माझ्याकडे कललेलं. पट्टी आणि वाटीच्या मध्ये रबराचे बुश घातले, कारण एका सिलिंडरच्या धडधडीत काटा नुसता नाचत राहतो. मीटरच्या आत असतं तरी काय? पुढच्या चाकापासून येणारी केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागं ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो आपला वेग. ओटो शुल्झे नावाच्या माणसानं 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि माझ्या गाडीचा मीटर आजही त्याच्यावरच चालतो.

मीटर वर घेतला की जुनी केबल तोकडी पडते. लांब केबल आणली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठं ताणते, कुठं दुमडते ते पाहिलं, कारण बाक तीव्र झाला की काटा थरथरतो. ग्रीस आतल्या तारेला लावायचं ते खालच्या बाजूला, वरची वीतभर कोरडी ठेवायची, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरतं. हेडलाइटवरच्या रिकाम्या भोकावर लेथवाल्यानं चकती करून दिली. ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी हे करून बघावं, फार खर्चाचं काम नाही.

मग महामार्गावर एका ठिकाणी गाड्यांची तपासणी चाललेली. "काका, गाडी बाजूला घ्या." लायसन्स, पीयूसी, विमा, सगळं नीट. साहेबांनी हँडलकडं बघितलं. "हे काय बसवलंय? मॉडिफिकेशन चालत नाही." मी मान दाखवली, ऑपरेशनची खूण दाखवली. "ते कोर्टात सांगा." त्याच वेळी शेजारून एक पोरगा बुलेटवर फटाके फोडत गेला. खरोखरचे फटाके नाहीत, सायलेन्सरमधून काढतात तसले. तीन माणसं तिथं उभी होती. एकानंही शिट्टी फुंकली नाही. मी तिथं उभा, हातात कागद, आणि तो आवाज ओझरच्या दिशेनं लांब लांब जात राहिला. पावतीचे पैसे मी विसरेन, तो आवाज नाही.

घरी आल्यावर कायदा वाचायला बसलो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये. माझ्या पुस्तकात इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, रंग आहे. मीटर कुठं बसवलाय याची ओळ नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा बदल, असं लिहिलंय. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 117 वा नियम सांगतो की वेग दाखवणारं उपकरण चालकाला कायम सहज दिसेल अशा जागी हवं. चालकाला! मग नियम कोणी मोडला होता, मी आत्ता की गाडीनं त्याआधी? 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकानं परवानगीशिवाय केलेल्या दर बदलाला पाच हजारांचा दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एवढं जड कलम एका क्लॅम्पवर वापरायचं असेल, तर आधी तो क्लॅम्प कशासाठी आहे हे विचारायला पाहिजे होतं.

हे सगळं खरं असलं तरी गाड्या थांबवून तपासाव्यात याच मताचा मी आहे. आमच्याकडची पोरं मीटरवरच मोबाइलचा होल्डर ठोकतात, आरसे काढून टाकतात, ट्रॉलीवाले दिवेच लावत नाहीत. त्यांना अडवलंच पाहिजे. त्यांच्यात मला उभं केलं याचा राग आहे, अडवल्याचा नाही. म्हणजे त्या दिवशी अडवल्याचाही होता.

आता गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय, तपासणीला न्यावी लागेल. मिस्त्री म्हणतो, "मीटर खाली घेऊ, पास झाली की परत वर. अर्ध्या दिवसाचं काम." मला हे पटत नाही. बरोबर केलेली गोष्ट लपवायची कशाला? नियमाची प्रत काढून ठेवलीय, डॉक्टरांचं पत्रही. पण गाडी पास झाली नाही तर छाटणीच्या दिवसांत तपासणीसाठी नाशिकचे हेलपाटे कोण मारणार, म्हणून तोकडी केबलही टाकून दिलेली नाही.