मुसीकाठचा धडा

कन्येने पदवीसाठी पर्यावरणशास्त्र घ्यावयाचे ठरविले, तेव्हा आम्ही वकिली थाटात विचारले, "याने पोट भरेल काय?" ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी अंबरपेठेत मुसीकाठी आम्ही नेहमीप्रमाणे निर्माल्याची पिशवी पाण्यात सोडणार, तोच तिने हात धरला. "बाबा, घटनेतील मूलभूत कर्तव्ये कोणती?"

नद्यांचे रक्षण हे कर्तव्य १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय महाविद्यालयांतही सक्तीने शिकविण्यास सांगितले. सारे आम्हांस मुखोद्गत! १९०८ च्या महापुरात हजारोंचे प्राण घेणारी मुसी आज शहराचे सांडपाणी मुकाट्याने वाहते आहे.

पिशवी परत आली. निर्माल्य आता तुळशीच्या आळ्यात जाते. कन्येच्या प्रवेश-अर्जावर पालक म्हणून सही आमचीच आहे.