आपल्या साऱ्यातून उभे राहिलेले गाव

शेतकरी तालुक्याच्या गावी जातो तो कामापुरता. खताची पोती, सातबाराचा उतारा, मोटारीची वायंडिंग, म्हातारीचे औषध, जमलेच तर पोरांना पावशेर भेळ. कामे उरकली की पिशवी काखेत मारून तो एस. टी. स्टँड गाठतो. त्यात गैर काही नाही. घरी जनावरे वाट पाहत असतात. पण ज्या रस्त्यांवरून आपण वर्षानुवर्षे खाली मान घालून जातो, त्या रस्त्यांवर आपल्याच पूर्वजांच्या घामाचे पैसे दगडाच्या रूपाने उभे आहेत. त्याबद्दल आज चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

नोकरीत बदल्यांमुळे पुष्कळ गावे पाहिली. त्यात वाईला काही वर्षे होतो. कृष्णाकाठचे हे गाव सातारा जिल्ह्यातले. हळद, ऊस, आले, वरच्या अंगाला भात आणि आता स्ट्रॉबेरी, असा हा तालुका. शेतकऱ्यांबरोबर बाजारात येणे-जाणे रोजचेच. वाईची खरी पेठ घाटाला लागूनच आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या आणि त्यांचे सात घाट. माघापासून या घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. नदीला देवी मानून तिला पाळणा, पालखी, प्रसाद. ज्या नदीवर आपली पिके जगतात तिचेच हे कोडकौतुक.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. मूर्ती एवढी मोठी की लोकांनी देवाला ढोल्या म्हटले, आणि देवाला त्याचा राग आलेला दिसत नाही. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ त्यांचे बंधू आनंदराव यांनी १७५७ साली बांधले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्ते घराण्यातल्या. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेले विश्वासराव हे त्यांचे थोरले चिरंजीव, म्हणजे देवळे बांधणाऱ्या या भावांचे सख्खे भाचे. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबही गेले. १७६२ हे साल असे घरोघरच्या दुःखाचे होते. त्या सालचे हे देऊळ आहे, एवढे ध्यानात ठेवून पायऱ्या चढाव्यात.

लोक पुढून दर्शन घेतात आणि परततात. माझे सांगणे असे, की देवळाच्या मागे जाऊन पाहा. मागची भिंत सपाट नाही. माशाच्या तोंडासारखी ती निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी देवळापर्यंत चढे. लोंढ्यापुढे सपाट भिंत उभी केली तर सगळा भार तिच्यावर येतो. टोक काढले तर पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. आपल्या ओढ्यावरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे खांब आठवा. वरच्या अंगाला त्यांना धार काढलेली असते ती याचसाठी. आज जे आपण नकाशावर शिकवतो ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी घाटावर बांधून ठेवले, आणि बांधताना ते देखणेही केले. कामाची वस्तू आणि शोभेची वस्तू अशी फारकत त्यांना ठाऊक नव्हती. वाईच्या वर धोमचे धरण झाले, तरी ही भिंत आपले काम विसरलेली नाही.

काशीविश्वेश्वरापुढचा नंदीही असाच थांबून पाहण्याजोगा आहे. दगड गुळगुळीत, गळ्यात घंटा-घुंगरांच्या माळा कोरलेल्या. एकदा एका वयस्क शेतकऱ्याला मी तिथे घेऊन गेलो. बैलबाजारात ज्यांचा शब्द चालतो अशांपैकी ते. देवाला हात जोडायच्या आधी त्यांनी नंदीभोवती एक फेरी मारली, वशिंड पाहिले, मान पाहिली, बैठक पाहिली.

"काय आबा, घ्यायचा का?" मी विचारले.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यो घडवणारा नुस्ता पाथरवट न्हवं. त्याच्या दावणीला बैल असनार बघा."

शिल्पावर मोठमोठी पुस्तके लिहिली जातात. पण दावणीच्या बैलावरून दगडाचा बैल तपासणारी ही नजर मला पुस्तकात सापडली नाही. म्हणून म्हणतो, ही कला आपल्याला कळायची नाही असे कोणी मनात आणू नये. जी नजर कणसाचा दाणा पाहते, तीच इथे पुरते.

आता मूळ मुद्दा. रास्ते सरदार होते. सरदारांकडे पैसा यायचा तो मुख्यतः सरंजामाच्या गावांतून, आणि गावांचा पैसा म्हणजे शेतसारा. कुणब्याने ज्वारी-बाजरी पिकवली, सारा भरला, त्यातून फौजा उभ्या राहिल्या, वाडे झाले, घाट बांधले गेले. दगड फोडणारे वडार, तो घडवणारे पाथरवट, चुना भाजणारे आणि मळणारे मजूर, गाड्या ओढणारे बैल, हे सगळे खेड्यांतलेच. पाटीवर नाव बांधवून घेणाऱ्याचे असते आणि ते असावेही. पण न लिहिलेली नावे आपल्या आज्या-पणज्यांची आहेत. त्यांतल्या पुष्कळांना त्या काळी देवळाच्या आत पाऊल ठेवता येत नव्हते, हेही विसरू नये. ज्यांनी दगड वाहिला त्यांना दर्शन नाही, असा तो काळ. आज कायद्याने दार सर्वांना उघडे आहे. तेव्हा या वास्तू म्हणजे शहरातल्यांची मिरास आणि आपण तिथे पाहुणे, असे समजण्याचे कारण नाही. आपला त्यात वाटा आहे, आणि वाटेकऱ्याने आपला वाटा अधूनमधून पाहून यावा.

वाईत पाहण्यासारखे एवढेच नाही. रास्त्यांच्या मोतीबाग वाड्यात भिंतीवर काढलेली जुनी चित्रे आहेत. जवळच मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथे टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. विद्येचीही परंपरा मोठी. इथल्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा भावे शिकून गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम इथेच मांडले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर आला. या घाटांची किंमत सिनेमावाल्यांनी मात्र बरोबर ओळखली. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये वाई बिहारचे गाव झाली आणि २०१० च्या 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशाचे. मेणवलीचा घाट २००४ च्या 'स्वदेस'मध्ये दिसला. परमुलखातले लोक पडद्यावर पाहून इथे येतात आणि आपण दहा पावलांवरून निघून जातो, ही गंमत आहे खरी.

पण या सगळ्याला एक वैरी लागला आहे, आणि तो माझ्या खात्यातला आहे. तो म्हणजे पिंपळ. वड, उंबर, पिंपळ यांची फळे पाखरे खातात आणि बी विष्ठेतून दगडांच्या सांध्यात पडते. जुन्या बांधकामात चुना असतो, त्यात ओल धरते. पावसाळ्यात बोटभर रोप दिसते, हिरवे, गोजिरवाणे. पुण्याचे झाड म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. काही वर्षांत मुळी मनगटाएवढी होते आणि जो दगड पुराने हलला नाही तो ती सहज सरकवते. कोणी कोयत्याने शेंडा छाटतो आणि काम झाले म्हणतो. आपल्याला माहीत आहे, लव्हाळा वरून कापला तर काय होते. इथेही तेच. खालचे मूळ शाबूत राहते, जोमाने फुटते आणि अधिक जाड होते. रोप लहान असताना, पावसाने चुना ओला असताना, मुळासकट हलकेच काढावे. झाड वाढले असेल तर ओढून उपटू नये, दगडच निखळेल. जाणकाराच्या देखरेखीखालीच ते मारावे. आणि पोकळी सिमेंटने बुजवू नये. सिमेंट कडक, ते ओल आत कोंडून ठेवते आणि शेजारचा दगड झिजतो. चुन्याच्या जागी चुनाच हवा. तसाच तैलरंग. श्रद्धेने कोरीव कामावर रंगाचे थरावर थर चढवतात. नाकडोळे बुजतात आणि आत ओल साठून दगडाचे पापुद्रे सुटतात. पिंपळ हवा असेल तर गायरानात लावावा. तिथे तो पुण्यही देईल आणि सावलीही.

हे फक्त वाईपुरते नाही. आपल्या गावची बारव, वेशीवरचा वीरगळ, मारुतीपुढची दीपमाळ, वाड्याच्या दिंडी दरवाजावरची कोरलेली गणेशपट्टी, हे त्याच माळेतले मणी. जुने लाकूड विकत घेणारे व्यापारी आता खेडोपाडी हिंडतात. नड असली की माणूस चौकट विकतो, त्याला बोल लावता येत नाही. पण विकण्याआधी ती कोणी घडवली, कोणाच्या लग्नात तिला तोरण लागले, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा, पोरांना मोबाइलवर तिचे चार फोटो काढू द्या. पुष्कळदा एवढे केले की विकण्याचा विचारच मागे पडतो.

भगिनींनाही एक विनंती. घाट आपण धुण्यासाठी, हळदीकुंकवासाठी, ओटी भरण्यासाठी वापरता, म्हणून तो जिवंत राहिला आहे. ओटीचे प्लास्टिक मात्र नदीत जाऊ देऊ नका. आणि मुलांना पायरीवर बसवून त्या माशाच्या भिंतीची गोष्ट सांगा. शाळेच्या पुस्तकात ती आली नाही तरी घरातून पुढे जाईल.

पुढच्या खेपेला तालुक्याच्या गावी गेलात, मग ती वाई असो की दुसरे कोणते गाव, तर एक गाडी चुकली तरी चालेल. पंधरा मिनिटे पेठेत मान वर करून हिंडा. देवळाच्या पुढून नव्हे, मागून जाऊन या. आणि सांध्यात बोटभर पिंपळ दिसला तर देवस्थानच्या माणसाला जरूर सांगा.