न झालेला गोल

येलहंक्यातील आमच्या सरकारी वसाहतीमागे एक उघडे मैदान आहे. तांबडी माती, एका अंगाला निलगिरीची उंच झाडे, दुसऱ्या अंगाला कुंपणाची भिंत. हवाई दलाचा तळ फार दूर नसल्यामुळे मधूनच एखादे विमान डोक्यावरून गडगडत जाते आणि तेवढ्यापुरता साऱ्यांचा आरडाओरडा बुडून जातो. दर रविवारी सकाळी तेथे वसाहतीतील मुले फुटबॉल खेळतात आणि गेली दोन वर्षे त्यांचा पंच मी आहे. हा मान गुणांवर मिळालेला नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांचा सामना असला म्हणजे शाहू स्टेडियमवर गाव लोटते. कॉलेजात असताना मीही चार सामने खेळलो, गुडघा दुखावून घेतला आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून होऊन इकडे आलो. एवढ्या भांडवलावर मुलांनी माझ्या हाती शिट्टी दिली.

कारकुनाला पंचगिरी अवघड जाऊ नये, असा माझा समज होता. आमचा सारा जन्म नियमांच्या पुस्तकात जातो. प्रसंग घडावा, आपण कलम शोधावे, ते त्याला लावावे आणि खाली सही करावी. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हे डोळ्यांना दिसते. पण एक फाउल असा आहे की, त्यात न घडलेल्या गोष्टीचा निवाडा करावा लागतो. गोल करण्याची उघड संधी कोणी फाउल करून हिरावून घेतली, तर त्याला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढावे, असे फुटबॉलचा बारावा नियम सांगतो. संधी तितकी उघड नसेल, चढाई नुसती आशादायक असेल, तर पिवळे कार्ड पुरते. सारी अडचण त्या ‘उघड’ या शब्दात आहे.

गेल्या महिन्यातील गोष्ट. आघाडीला खेळणारा एक किरकोळ अंगाचा मुलगा चेंडू घेऊन निसटला. समोर एकटा गोलरक्षक. मागून आलेल्या बचावपटूने त्याचा सदरा मुठीत धरून ओढला आणि दोघेही धुळीत पडले. मी शिट्टी वाजविली, खिशात हात घातला आणि पिवळे कार्ड काढले. फ्री किक गोलाच्या आडव्या खांबावरून गेली आणि सामना बरोबरीत सुटला.

घरी येऊन आंघोळ करताना मी नियम पुन्हा मनाशी घोळविला. पंचाने चार गोष्टी पाहावयाच्या असतात: फाउल गोलापासून किती अंतरावर झाला, खेळाचा ओघ कोणत्या दिशेने होता, चेंडू त्या खेळाडूच्या ताब्यात राहण्याचा किंवा येण्याचा संभव किती, आणि बचाव करणारे किती जण, कोठे होते. अंतर वीस पावलांचे होते. ओघ सरळ गोलाकडे होता. चेंडू पायाशी होता. दुसरा बचावपटू पुष्कळ मागे राहिला होता. चारही उत्तरे लाल कार्डाची. मग मी पिवळे का काढले? कारण मी मनातल्या मनात एक पाचवा प्रश्न विचारला होता आणि तो नियमात नाही. त्या मुलाने त्याच सकाळी दोन सोपे गोल घालविले होते. हाही त्याने घालविलाच असता, असे मी परस्पर ठरवून टाकले. गोल झालाच असता का, हे नियम विचारीत नाही. संधी होती का, एवढेच विचारतो.

हा नियम फुटबॉलला फार उशिरा सुचला. १९८० च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमचा सतरा वर्षांचा पॉल ॲलन एकटा गोलाकडे धावत होता. आर्सेनलच्या विली यंगने मागून त्याचे पाय उडविले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे यंगला नुसती ताकीद मिळाली. हिशेब सरळ होता: ताकीद स्वस्त, गोल महाग. पुढे १९९० च्या सुमारास अशा फाउलला लाल कार्ड ही शिक्षा सर्वत्र रूढ झाली. मग तीही जड वाटू लागली. पेनल्टीच्या चौकटीत असा फाउल झाला तर पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढील सामन्यास बंदी, अशी तिहेरी शिक्षा होई. २०१६ साली ती सौम्य केली गेली: चौकटीत चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात फाउल घडला, तर पेनल्टीबरोबर पिवळे कार्ड पुरे. ओढणे, धरणे, ढकलणे यांना ही सवलत नाही. किरकोळ शिक्षा आणि मोठी शिक्षा अशी वर्गवारी आम्हा सरकारी नोकरांच्या शिस्तीच्या नियमांतही आहे. त्यामुळे हे मोजमाप मला घरचेच वाटते.

मात्र शिक्षा पुरती झाली म्हणून संधी परत येतेच असे नाही. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी, घानाचा चेंडू गोलात शिरत असता उरुग्वेच्या लुइस सुआरेझने तो गोलरेषेवर चक्क हातांनी अडविला. लाल कार्ड मिळाले, पेनल्टीही मिळाली. पंचाचे काहीच चुकले नाही. असामोआ ग्यानने मारलेला चेंडू आडव्या खांबावर आदळला आणि पुढे पेनल्टींच्या फैरीत घाना हरला.

सोमवारी कचेरीत मी माझ्या चुकीची गोष्ट काढली. पण बंगळूरकर सहकारी लगेच ३ मार्च २०२३ च्या कंठीरवा स्टेडियममधील सामन्यावर घसरले. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्यापूर्वीच सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला, पंच क्रिस्टल जॉन यांनी तो ग्राह्य धरला आणि केरळचा संघ मैदान सोडून गेला. त्या वादात चहा निवून गेला. तो आणून देणारे अण्णा समोरच उभे होते.

अण्णा आमचे शिपाई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला ‘सार’ म्हणतात. पाच वर्षांपूर्वी शिपायांना खात्याच्या परीक्षेतून कारकून होण्याची संधी निघाली होती. अण्णांनी अर्ज भरून पुढे पाठविण्यासाठी मजकडे दिला. वर्षअखेरीचे दिवस होते. अर्ज एका फाइलीखाली गेला आणि हाती लागला तेव्हा शेवटची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, “असू द्या सार, मी कुठे पास होणार होतो?” हे वाक्य मी फार तत्परतेने उचलले. इंग्रजीचा पेपर त्यांना झेपला नसता, असे मी घरीही सांगितले. परीक्षा पुन्हा निघाली तोवर त्यांची वयाची मर्यादा उलटली होती. माझ्या मनात दुष्टावा नव्हता, हे खरे. पण चेंडू खेळण्याचा प्रयत्न तरी मी कोठे केला होता?

पुढच्या रविवारी तो मुलगा मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधीत बसला होता. मी जवळ जाऊन म्हणालो, “त्या दिवशी लाल कार्ड द्यावयास हवे होते. माझे चुकले.”

तो हसला. “पण सार, मी मारला असता तर बाहेरच गेला असता.”

“तो प्रश्न नव्हता,” मी म्हणालो.

नेमके तेव्हाच वरून विमान जात होते. त्याला ऐकू आले नाही. ते पुढे जाईपर्यंत मी थांबलो आणि पुन्हा तेच म्हणालो.