मागच्या भिंतीसकट

घरातलं माणूस गेलं की बाराव्या-तेराव्याच्या आत एक काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं: हार घालायला फोटो शोधायचा. पुरुषांचं निभावून जातं. सोसायटीचं पासबुक, निवडणुकीचं ओळखपत्र, गेला बाजार कुणाच्या तरी सत्कारातली मागची रांग, कुठेतरी ते सापडतात. मागच्या पिढीतल्या बायकांचं कठीण. एकटीचा असा फोटो निघालेलाच नसतो. मग लग्नातल्या घोळक्याचा फोटो काढायचा, त्यातली बाई बोटाने दाखवायची आणि स्टुडिओवाल्याला सांगायचं, एवढी मोठी करून द्या.

दोडामार्ग तालुक्यातल्या एका घरात नव्वदच्या दशकात हेच झालं. आई गेली. हाताला लागला तो मावशीच्या लग्नातला फोटो. बायका दाटीवाटीने उभ्या, आणि आईच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. स्टुडिओवाला तयारच होता: हात पुसून टाकतो, मागे निळं आभाळ घालतो. थोरली मुलगी नको म्हणाली. हात मावशीचा होता. त्या दोघी बहिणी जन्मभर तशाच उभ्या राहत आल्या होत्या. भावांना ते विचित्र वाटलं, पण ती हटली नाही. पुढे कितीतरी वर्षं हाराच्या वर ती चार बोटं दिसायची आणि आलागेला विचारायचा, "हो हात कोणाचो गे?" मग मावशीची गोष्ट निघायची, मावशीवरून लग्नाची, लग्नावरून त्या वर्षीच्या पावसाची. आभाळ रंगवलं असतं तर त्याबद्दल कुणी काही विचारलं नसतं.

ही थोरली मुलगी आता पन्नाशी ओलांडून गेलेली आहे. तालुक्यातल्या अनेकांसारखी तीही नोकरीला रोज गोव्यात जाते. तिचं माहेरचं गाव तिलारी धरणात गेलं. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यातला त्या प्रकल्पाचा करार 1990 सालचा. पाणी दोन्ही राज्यांचं. उठली ती गावं इकडची. पाट्ये, शिरंगे, सरगवे, आयनोडे, केंद्रे अशी ती नावं. घर सोडताना माणसांनी कौलं काढली, वासे काढले, दरवाजे चौकटीसकट उपटून नेले. भिंती नेता येत नाहीत. त्या मागे राहिल्या, आणि थोड्याफार उरल्या त्या फोटोंत, माणसांच्या पाठीमागे.

फोटो तरी किती असणार? त्या घरात पहिला कॅमेरा आला तो चतुर्थीला, मुंबईकर काकाच्या पिशवीतून. आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनणारा हा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांचा लाडका होता: 120 नंबरचा रोल, त्यात चौकोनी 12 फोटो, आणि फिरवायला, जुळवायला जवळपास काही नाही. चुकण्याची मुभा मात्र बारांपैकी एकदाही नव्हती. म्हणून अख्खं घर खळ्यात उभं केलं जायचं, काका उन्हाकडे पाठ करायचा, आणि सगळे श्वास रोखून लाकडासारखे ताठ. आजी त्यातूनही निसटायला बघायची. फोटो काढल्यार आयुष्य कमी जाता, हे तिचं पक्कं मत. रोल धुऊन फोटो येईपर्यंत दिवाळी यायची, कधी शिमगा.

हे ताठ फोटो खोटे असतात, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. हसताना, बेसावध टिपलेला तेवढा खरा. पण हे पटण्यासारखं नाही. ज्या माणसाचा वर्षातून एकदा फोटो निघतो, त्याने त्या क्षणाला इस्त्रीचं धोतर नेसणं, केस चापून बसवणं, हनुवटी वर करणं हे त्याचं स्वतःचं म्हणणं असतं: मला असं बघा. बेसावध फोटोत काढणाऱ्याचं चालतं, ताठ फोटोत उभ्या राहणाऱ्याचं. एवढा मान तर त्या माणसांना द्यायलाच हवा.

पुढे फ्लॅशवाला हॉटशॉट कॅमेरा आला आणि घराच्या आतले फोटो निघू लागले. त्यातला एक गणपतीचा. चेहरे फ्लॅशने पांढरेफटक, एक भाऊ अर्धा कापलेला, फोटो म्हणून सपशेल फसलेला. पण गणपतीवर टांगलेली रानफळांची माटवी लखलखीत आली आहे. कवंडळं, कांगलां, सुपारीचे कात्रे, तोरिंजन, चिबूड, एकेक ओळखता येतं. आज ती थोरली मुलगी हा फोटो बघते तेव्हा माटवीतल्या एकेका वस्तूवरून अख्खं शिवार चालून येतं. कवंडळ कुठल्या कुंपणावर होतं, कांगलां आणायला वडील कुठल्या उतारावर चढायचे. ते उतार आता पाण्यात आहेत. काकाने फोटो गणपतीचा काढला होता. निघाला तो डोंगराचा.

मागचं पुसायची हौस मात्र फोटोग्राफीइतकीच जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये.  त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने शहरातल्या जातीजमातींचे फोटो जमवून 1863 पासून पुस्तक काढलं. त्यातली बरीचशी चित्रं जोडकाम आहेत. माणसं वेगळी टिपलेली, मागचा देखावा वेगळा, आणि माणूस कापून त्यावर चिकटवलेला. कपडे अस्सल, चेहरे अस्सल, पण पाय जमिनीला लागत नाहीत. ज्ञातीचा नमुना म्हणून ते चालून गेलं. त्या माणसांच्या नातवंडांनी ते पुस्तक उघडलं असतं तर आजोबा दिसले असते, त्यांचं दुकान, त्यांची गल्ली दिसली नसती.

यावर कुणी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. त्यांच्या 'चेहरे' या पुस्तकातल्या कितीतरी छायाचित्रांत पाठीमागे फक्त अंधार किंवा एखादा मऊ रंग असतो, आणि तरी माणूस पुरता उतरलेला. पण त्यांच्यासमोर बसायचे ते बहुतेक कलावंत, नट-नट्या, गायक. त्यांची पार्श्वभूमी बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच भरलेली असते. सरगव्याच्या आजीला ती सोय नाही. तिच्यामागची चूल काढून घेतली तर ती कुणाचीही आजी होते.

मधल्या काळात थोरल्या मुलीने स्वतः डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्या वयात सगळे काढतात ते सगळं काढलं. मांगेलीचा धबधबा, काजूचा मोहर, जत्रेत दशावताराच्या रंगपटात शालू नेसून बिडी ओढणारा स्त्रीपार्टी. हा शेवटचा फोटो सिंधुदुर्गात आता इतक्यांनी काढलाय की त्या नटांनाही तो पाठ झाला असावा. कॅमेरा दिसला की बिडी पेटते. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर राहून जे काम केलं त्याच्याशी याची तुलना करून बघावी. त्यांच्या फोटोंत तंबू आहेत, ट्रक आहेत, स्वयंपाक आहे, मुलंबाळं आहेत, रंगवलेल्या चेहऱ्याला लागून त्याचा सगळा संसार आहे.

तिलाही कौतुक मिळालं, ते तिलारीच्या बॅकवॉटरवरच्या धुक्याच्या फोटोला. पाण्यात उभे वाळके वृक्ष, मागे सह्याद्रीची निळी रांग, दृष्ट लागेल असा. लोक म्हणाले, काय शांत वाटतं! त्या पाण्याखाली तिच्या घराचं जोतं होतं, आणि फोटोत त्याचा मागमूस नव्हता. तिने तो फोटो घरात लावला नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो अजून असेल.

याच्या अगदी उलट उदाहरण: मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर 1919 च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत गेले. त्यांनी टिळकांची, गांधींची छायाचित्रं काढली, पण अमृतसरची त्यांची छायाचित्रं वेगळ्या जातीची आहेत. भिंत, भिंतीवर गोळ्यांच्या खुणा, शेजारी उभी माणसं. कलात्मक मांडणीचा सोसच नाही. पुरावा हवा होता, तो घेतला. शंभर वर्षांनंतर अंगावर काटा येतो तो त्या रुक्षपणामुळेच.

तसला एक रुक्ष फोटो त्या थोरल्या मुलीच्या घरातही आहे. दोडामार्गात हत्ती आले 2002 मध्ये, कर्नाटकातून. तेव्हापासून केळी, माड, सुपारी कधी भुईसपाट होईल याचा नेम नाही. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो आणि फोटोही. हल्ली तर मोबाइलमध्ये असं अ‍ॅप घालून काढतात की खाली पट्टीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटतात. अशाच एका सकाळी तिने आडव्या झालेल्या केळींचा फोटो काढला. अंदाज यावा म्हणून वडिलांना शेजारी उभं केलं. ते वैतागले, "केळींचो काढ, माजो कित्याक?" आणि तसेच उभे राहिले, हातात कोयता, डोक्याला टॉवेल, नजर केळींवर. खाली पट्टीत 15 अंश उत्तर, 74 अंश पूर्व आणि पुढचे दशांश. वडील गेल्यावर भावाने स्टुडिओतला कोट घातलेला फोटो पुढे केला. लावला गेला तो केळीतला, खालच्या आकड्यांसकट. माणूस कुठे उभा होता याची इतकी चोख नोंद त्या घरात दुसऱ्या कुणाची नाही.

2016 मध्ये आयफोनने 'पोर्ट्रेट मोड' आणला आणि पाठोपाठ जवळपास सगळ्याच फोनांत तो आला. माणूस स्पष्ट, मागचं सगळं धूसर. पूर्वी हे करायला महागडी लेन्स लागायची, आता एक टिचकी. आता तर मागचा माणूस, तार, दोरीवरचे कपडे बोटाने पुसून टाकता येतात. वाढदिवसाच्या फोटोला ते शोभतं. पण स्टुडिओवाल्याचा ब्रश आता ज्याच्या त्याच्या खिशात आहे, आणि मावशीचा हात ठेवा म्हणणारं शेजारी कुणी असेलच असं नाही.

तेव्हा येत्या मे महिन्यात गावी गेलात की एवढं करा. म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यांच्या जागी काढा: चुलीपाशी, पडवीत, गोठ्याच्या दारात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, दोन पावलं मागे सरका, दोरीवरचे कपडे राहू द्या. त्यांना कपडे बदलून यायचं असेल तर खुशाल वेळ द्या. त्यातले चार तरी कागदावर छापून घ्या. आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं, गाव, साल लिहा; बॉलपेनचा ओरखडा पुढच्या बाजूला उमटतो.