शेवंतीला हवी रात्र

दसरा आटोपला की जबलपूरची हवा पालटते. दुपारचे ऊन अजून चटकत असते, पण पहाटे पायाशी असलेली चादर वर ओढून घ्यावीशी वाटते. आमचा सदर भाग म्हणजे छावणीची जुनी बाजारपेठ. दिवाळी तोंडावर आल्यामुळे कापडाच्या नि दिव्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. याच दिवसांत रोपवाटिकांमध्येही गर्दी होते. पाऊस नुकताच सरलेला असतो आणि उन्हाचा जोर ओसरू लागतो. नव्या जागी मूळ धरायला रोपांना हे दिवस मानवतात. झेंडू, पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स यांची बोटभर रोपे ओळीने मांडलेली असतात आणि मंडळी वाकून वाकून ती निवडत असतात.

आम्हा जबलपूरच्या मराठी घरांची बाग दुभाषी असते. 1956 पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. सोयरीक, नोकरी, कोर्टकचेरी यांमुळे तिकडून इकडे येऊन राहिलेली घरे इथे पुष्कळ. म्हणून आम्ही घरात पारिजातक म्हणतो आणि माळ्याकडे हरसिंगार मागतो. घरातले जास्वंद तिथे गुडहल होते, झेंडूचा गेंदा होतो. शेवंती मात्र इथेही सेवंतीच. तिच्यासाठी जीभ वळवावी लागत नाही.

आमच्या घरची पिवळी शेवंती अशीच नागपूरहून आलेली. सासूबाईंच्या लग्नानंतर मामंजींनी ती आगगाडीतून, मांडीवर डबा धरून आणली होती म्हणे. दर वर्षी फुले सरली की ते झाड छाटायचे, बुंध्याशी आलेले फुटवे वेगळे करून नव्या मातीत लावायचे. एकाच झाडाचा वंश असा चाळीसएक वर्षे चालला होता.

मामंजी श्रावणात गेले. त्या हिवाळ्यात शेवंतीला एक कळी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. झाड हिरवेगार, पाने टवटवीत, पण फुलायचे नाव नाही. सासूबाई रोज पाणी घालायच्या, पिवळे पान खुडायच्या आणि म्हणायच्या, "हे गेले आणि हिनंही मन काढून घेतलं." आम्ही खत बदलले, माती बदलली. शेवटी गेल्या ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "नर्सरीत नेऊन दे ही. तिथं कुणाच्या तरी हाताला येईल."

कुंडी रिक्षात घालून आम्ही दोघी निघालो. नर्सरीतला म्हातारा माळी कुंडीभोवती फिरला. पाने उलटून मावा पडला आहे का ते पाहिले, बोटाने माती उकरली. मग सासूबाईंना विचारले, "अम्मा, पौधा तो तंदुरुस्त है. रात को इस पर बत्ती पड़ती है क्या?"

पडत होती! आमच्या गॅलरीसमोर मिठाईचे दुकान झाले, त्याची पांढरीशुभ्र पाटी रात्रभर जळते. ते दुकान उघडले तेही मामंजी गेले त्याच वर्षी.

माळी म्हणाला, "इसको अंधेरा चाहिए."

घरी येऊन मी याबद्दल वाचले. 1920 साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले होते, की काही झाडे दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. झाड खरे तर रात्र मोजते, हे पुढच्या संशोधनात कळले. शेवंती ही अशीच लांब रात्रीची वाट पाहणारी. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडे उत्तरेकडून जाते. इथे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर साडेअकराच्या आसपास येतो आणि डिसेंबरात पावणेअकरा तासांवर. रात्र अशी वाढू लागली की शेवंती कळ्या धरते. रात्री उजेड पडत राहिला, तर तिच्या लेखी उन्हाळा संपतच नाही. फुलांचा धंदा करणारे हीच युक्ती मुद्दाम वापरतात. फुले लांबवायची तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी तर झाडांवर काळे कापड घालतात.

परतताना कुंडी सासूबाईंच्या पायाशी होती. पेंटीनाका येईपर्यंत त्या गप्पच होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती."

दोन वर्षे त्या मनात काय घेऊन पाणी घालत होत्या, ते मला त्या क्षणी कळले.

कुंडी मागच्या अंगणात ठेवली. तिकडे रस्त्याचा उजेड येत नाही. दिवाळीत मुलांनी तिथे विजेची माळ लावायचे म्हटले, तर आजीने साफ नकार दिला. नोव्हेंबरच्या मध्याला हिरव्या मण्यांएवढ्या कळ्या दिसल्या आणि डिसेंबर सरता सरता झाड पिवळेधमक झाले. सासूबाईंनी पहिली फुले खुडली. एक देवाला वाहिले, एक मामंजींच्या तसबिरीला. तिसरे त्यांनी स्वतःच्या अंबाड्यात खोवले. मामंजी गेल्यापासून त्यांच्या केसांत फूल नव्हते. घरात कोणी काही बोलले नाही. मी फक्त आरसा पुढे केला.

तुमच्याही घरी धडधाकट शेवंती फुलत नसेल, तर खताच्या पुड्या आणण्याआधी रात्री एकदा तिच्याजवळ जाऊन उभे राहा आणि कुठून उजेड येतो ते पाहा. नवी घ्यायची असेल तर भरगच्च फुललेली घेऊ नका. घट्ट कळ्यांची घ्या, म्हणजे फुले घरी येऊन उमलतील आणि पुष्कळ दिवस टिकतील. आणि घाई न करता माळ्याशी दोन शब्द बोला. त्याने रोज शंभर झाडे पाहिलेली असतात.

यंदाच्या फेब्रुवारीत सासूबाईंनी स्वतः फुटवे काढले. चार कुंड्या झाल्या. त्यांतली एक माळ्याची म्हणून बाजूला ठेवली आणि मला बजावले, "त्याला सांग, ही नागपूरची आहे."