सी-व्ह्यूवर बुरशी फ्री!

'समुद्र दोन मिनिटांवर,' ब्रोकर म्हणाला होता. खोटं नव्हता बोलला. खारदांड्यातल्या माझ्या भाड्याच्या वन रूम किचनपासून समुद्र खरंच दोन मिनिटांवर आहे. फक्त जुलै लागला की तो तेवढंही थांबत नाही. सरळ घरात येतो, तेही कपाटाच्या मागून!

खार स्टेशनवरून रिक्षा पकडली की आधी दिसतात झाडांचे रस्ते आणि कॅफे. मग रस्ता अरुंद होतो, नाकाला सुक्या मासळीची वर्दी मिळते आणि दांडा आला म्हणून समजायचं. एका बाजूला कार्टर रोडचे जॉगर्स, दुसऱ्या बाजूला जुना कोळीवाडा. मी नाशिकची. मे महिन्यातला दांडा मला सॉलिड रोमँटिक वाटला. बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील, संध्याकाळचा वारा आणि ताज्या रंगाची खोली. (मे महिन्यात ताजा रंग दिसला की खूश होऊ नका, सावध व्हा. हे मला उशिरा कळलं.)

सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस मोजला जातो. नाशकात एरवी वर्षभरातही एवढा पडत नाही. त्यामुळे जूनअखेर घरात कुबट वास सुरू झाला तेव्हा मी उदबत्ती लावून मोकळी झाले. मग एका सोमवारी ऑफिसचे शूज काढले, तर त्यांवर हिरवट मखमल! बेल्ट, बॅग, सगळीकडे तेच. पलंगामागे काळे ठिपके, रंगाचे पोपडे. रूममेटचा रात्रीचा खोकला थांबेना. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, 'घरात ओल आहे का?'

घरमालकांना फोन केला. 'तुम्ही मुली खिडक्या बंद ठेवता, कपडे आत वाळत घालता. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार.' डिपॉझिट म्हणजे माझं वर्षभराचं सेव्हिंग. आता मात्र टेन्शन आलं.

शेजारच्या मावशी मासळी विकतात. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, बोटांना लागलेली पांढरी पूड दाखवली आणि म्हणाल्या, 'लोणा लागलाय.' मग भिंतीला चिकटलेलं कपाट बघून कपाळावर हात मारला. 'अगो, बोंबील कधी भिंतीला टेकवून सुकवतात काय? चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे.'

लोण्याचा फंडा असा. समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ बाहेरून भिंतीवर बसतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर आत झिरपतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून उन्हाळ्यात कोरडी वाटलेली भिंत पावसाळ्यात पुन्हा दमट होते. वरून कितीही रंग मारा, तो फुगून सुटणारच.

पण मालक म्हणत होते तेही तपासायला हवं होतं. त्याची टेस्ट आपल्या किचनमध्येच आहे, पोळ्या गुंडाळायची फॉइल. वहीच्या पानाएवढा तुकडा भिंत पुसून चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस विसरायचा. फॉइलच्या आतून पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून दिसलं तर ती खोलीतल्या हवेची.

पलंगामागची भिंत पश्चिमेची, समुद्राकडची. तिथे फॉइल आतून ओली. किचनच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा एसी रात्रभर चालतो, त्यामुळे ती गार. तिथे फॉइल बाहेरून ओली! म्हणजे मालक अर्धे बरोबर होते (हे कबूल करायला मला दोन दिवस लागले). मशीनभर कपडे घरात वाळवले की दोनेक लिटर पाणी हवेत जातं, आणि आम्ही ते रोज करत होतो.

मग कायदा वाचला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मी उड्याच मारल्या! पण आपल्यापैकी बहुतेकांचा ११ महिन्यांचा कागद असतो 'लीव्ह अँड लायसन्स'चा. त्यात आपण भाडेकरू नसतोच, लायसेन्सी असतो. ते कलम आपल्या कामाचं नाही, जे काय ते अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असायला हवं. माझ्यात ओलीबद्दल एक शब्द नव्हता.

उरले फॉइलचे फोटो, तारखांसकट. ते पाठवले आणि किचनची चूक आमची, हेही लिहिलं. बहुधा त्यामुळेच मालक स्वतः आले. खिडकीवरच्या छज्जाला तडा होता. ऑक्टोबरच्या उन्हात तो भरून घेतला, पोपडे खरवडले, आणि भिंत पुरती सुकेपर्यंत म्हणजे डिसेंबरपर्यंत रंग लावला नाही. डिपॉझिट शाबूत. नव्या अॅग्रीमेंटमध्ये 'बाहेरून येणारी गळती व ओल मालकाकडे' ही ओळ आली.

आमच्या बाजूने कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं. कपडे पॅसेजमध्ये गेले. बुरशी कोरड्या ब्रशने झटकायची नाही, बीजाणू हवेत उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसायची. धो धो पावसात खिडकी उघडून उपयोग नाही, उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंच्या उघडायच्या आणि पंखा चालू ठेवायचा. रूममेट आता रात्रभर झोपते.

परवा वरची खोली बघायला एक जोडपं आलं होतं. ताजा रंग, खिडकीतून वारा, दोघं एकदम खूश. मी हळूच म्हटलं, पश्चिमेच्या भिंतीवरून एकदा हात फिरवा. ब्रोकर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.